स्वरलिपीच्या फाइली आताच उघडून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका हौशी बँडमध्ये मी सेकंड क्लॅरिनेट वाजवते आणि बँडची लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक हार्ड डिस्क आणि प्रत्येक तालमीला कुठून तरी येणारी हाक : "ताई, माझा पार्ट कुठाय?" (पार्ट म्हणजे एकेका वाद्याने वाजवायचा कागद.) ऐकायला आलेल्यांना वाद्यं दिसतात, गणवेश दिसतात. स्टँडवरचा कागद कुणी लिहिला, कुणी छापला आणि फाटला तर तो पुन्हा छापता येईल का, हे प्रश्न त्यांना पडायचं कारण नाही. आम्हाला मात्र ते सध्या जरा जास्तच पडतायत आणि ते फक्त आमच्या बँडपुरते नाहीत, म्हणून हे पत्र.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक कंपनीने फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. फिनाले १९८८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं. बँड, गायकवृंद, चित्रपटसंगीत, शाळा, प्रकाशक अशा सगळ्यांनी त्यात पिढीभर संगीत लिहून ठेवलं. घोषणेत आधी असंही म्हटलं होतं की वर्षभरानंतर नव्या संगणकावर त्याची अधिकृत नोंदणी करता येणार नाही. वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर ती अट लगेच मागे घेतली गेली. म्हणजे विकत घेतलेला प्रोग्रॅम आजही चालतो. पण त्याच्यात आता सुधारणा होणार नाही, आणि विंडोज किंवा मॅकच्या एखाद्या नव्या आवृत्तीवर तो उघडलाच नाही तर विचारायला कुणी नाही. कंपनीशी माझं भांडण नाही. इतका जुना कोड किती वर्षं ओढायचा याला मर्यादा असणारच. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे, म्हणजे संगीत लिहून घेणाऱ्यांबद्दल आणि ते सांभाळणाऱ्यांबद्दल.

स्वरलेखनाची फाइल म्हणजे छापलेलं पान नव्हे, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. कुठला स्वर किती लांबीचा, कुठल्या वाद्याला किती ट्रान्सपोज करायचा (वर-खाली सरकवायचा), पान कुठे तोडायचं, हे सगळं त्या फाइलीत त्या प्रोग्रॅमच्या खासगी भाषेत असतं. फिनालेनेसुद्धा मध्येच आपली भाषा बदलली : २०१२ च्या आवृत्तीपर्यंत एमयूएस नावाच्या फाइली, २०१४ च्या आवृत्तीपासून एमयूएसएक्स. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आजच्या संगणकावर उघडला की काय दिसतं, हे आपल्या संपादकीय विभागाला मी सांगायला नको. अक्षरं जागेवर असतात, फक्त वाचता येत नाहीत. स्वरलेखनात हेच होतं, आणि अगदी याच कारणाने होतं. जुन्या संगीत-फाँटमध्ये मेझोफोर्टेची, म्हणजे मध्यम जोरात वाजवण्याची, खूण रोमन मोठ्या एफच्या कळीवर बसवलेली असे. फाँट गेला की पानावर नुसता एफ उरतो. आता हा एफ म्हणजे मेझोफोर्टे की फोर्टे (पूर्ण जोरात), यावर ट्रॉम्बोनवाल्यांचा निर्णय तुम्ही न विचारताही ओळखू शकाल.

आमचं फोल्डर उघडलं तेव्हा पहिला धक्का वेगळाच होता. एकाच गाण्याचा स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लेखन) एक आणि पार्टच्या फाइली वीस, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कारण साधं आहे. फिनालेमध्ये स्कोअर आणि पार्ट एकाच फाइलीत जोडलेले राहण्याची सोय २००७ च्या आवृत्तीत आली, सिबेलियस या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती २००५ च्या चौथ्या आवृत्तीत आली. त्याआधी स्कोअर पूर्ण झाला की त्यातून प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा काढायचा आणि तो स्वतंत्र फाइल म्हणून जगायचा. मग तालमीत चूक सापडली की ज्याच्या पार्टमध्ये सापडली तेवढीच फाइल दुरुस्त व्हायची. स्कोअर तसाच राहायचा. म्हणून जुन्या फाइलींमध्ये "नवी ती बरोबर" किंवा "स्कोअर तो बरोबर" असा कुठलाही सरळ नियम लागत नाही. आमच्याकडे थर्ड क्लॅरिनेटचा पार्ट बरोबर आणि स्कोअर चुकीचा असं एका मार्चमध्ये निघालं. दुसऱ्या गाण्यात नेमकं उलट.

यातून सुटायचा मार्ग कपाटात होता. कागदी पार्टवर पेन्सिलीने केलेल्या खुणा हाच बँडचा खरा इतिहास असतो, आणि तो कुठल्याही फाइलीत नाही. "सगळं डिजिटल झालंय, कागद रद्दीत द्या" असं आमच्याही बैठकीत एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन. त्या खुणा तीन प्रकारच्या निघाल्या. पहिल्या प्रकारात दुरुस्त्या येतात : इथे शार्प (स्वर अर्धा चढवण्याची खूण) राहिलाय, इथे विराम एक ठोका जास्त आहे. या स्कोअरमध्ये गेल्याच पाहिजेत. दुसऱ्या प्रकारात बँडमास्तरांचे निर्णय येतात : पुनरावृत्ती एकदाच, डीपासून सरळ एफवर जायचं (ही तालमीची अक्षरं, गाण्याचे भाग ओळखायला), शेवटचा कॉर्ड लांबवायचा. हे संगीत नाही, हे आमचं वाजवणं आहे. ते स्कोअरमध्ये मिसळायचं नाही, वेगळ्या चिठ्ठीवर ठेवायचं, कारण पुढचा बँडमास्तर वेगळं ठरवू शकतो. तिसऱ्या प्रकारात वादकाची स्वतःची नोंद येते : श्वासाचा स्वल्पविराम, बोटांचे आकडे, आणि मान वर करून बँडमास्तरांकडे बघ असं स्वतःला बजावणारं चष्म्याचं चित्र. चष्मे फार निघाले. बँडमास्तरांना ते दाखवले नाहीत.

स्कॅन करणाऱ्यांसाठी एक छोटी पण महाग पडणारी गोष्ट. शुद्ध काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये स्कॅन केलं की छापील स्वर स्वच्छ येतात, फाइल लहान होते आणि पेन्सिल गायब होते. ग्रेस्केलमध्ये, ३०० डीपीआयवर स्कॅन करा. जागा जास्त जाईल, जाऊ द्या.

नावं देण्याचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. कपाटातल्या पाकिटाचा क्रमांक आणि संगणकातल्या फोल्डरचा क्रमांक एकच. त्यानंतर गाण्याचं नाव, अरेंजरचं (बँडसाठी गाणं मांडून देणाऱ्याचं) आडनाव, वाद्य, वाद्याची पट्टी, आणि शेवटी तारीख. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. बॅरिटोनचा पार्ट ट्रेबल क्लेफमधला की बास क्लेफमधला, हॉर्न एफचा की ई-फ्लॅटचा, हे नावातच हवं. आणि स्कोअर कॉन्सर्ट पिचमध्ये (ऐकू येतो तसा लिहिलेला) आहे की ट्रान्सपोज केलेला, हे पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं हवं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला डी वाजवला की ऐकू सी येतो. कॉन्सर्ट पिचचं बटण चालू ठेवून कुणी पार्ट छापले तर बी-फ्लॅट वाद्यं एक पूर्ण स्वर खाली आणि आल्टो सॅक्सोफोन मेजर सिक्स्थने खाली वाजतो. असा गोंधळ तालमीत झाला तर सगळे हसतात. रंगमंचावर कुणी हसत नाही.

आता बदलाविषयी. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात संगीत न्यायचं तर आज व्यवहारात मधली एकच वाट आहे, म्युझिकएक्सएमएल. मायकेल गुड यांनी तो फॉरमॅट तयार केला, त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. गंमत अशी की २०११ मध्ये तो मेकम्युझिककडेच गेला होता. पण २०१५ पासून त्याची जबाबदारी डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एका खुल्या गटाकडे आहे. प्रोग्रॅम थांबला, पण तो फॉरमॅट त्याच्यासोबत थांबला नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्यातला एकजण म्हणाला, "मिडी फाइल आहे की, तेवढी पुरे." पुरत नाही. मिडी १९८३ ची आहे आणि ती वाद्याला काय वाजवायचं ते सांगते, वादकाला काय वाचायचं ते नाही. एफ शार्प (अर्धा चढा एफ) आणि जी फ्लॅट (अर्धा उतरता जी) लिहायला वेगळे, पण मिडीच्या लेखी दोन्ही म्हणजे ६६ हाच आकडा. पाच फ्लॅटच्या पट्टीत मध्येच शार्प दिसू लागले की क्लॅरिनेटवाले काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

म्युझिकएक्सएमएलने स्वर, लांबी, पट्टी, ताल, स्लर (स्वर जोडून वाजवण्याच्या कमानी), शब्द बहुतेक नीट येतात. पानाची मांडणी येत नाही, ती पुन्हा करावी लागते. ड्रमसेट हमखास चुकतो, स्नेअरचे ठोके भलत्याच ओळीवर जाऊन बसतात. आणि अरेंजरने जिथे जिथे जुगाड केलेला असतो तिथे तो जुगाड उघडा पडतो. कोडाची (शेवटच्या भागाची) खूण हाताने रेखाटलेली, पुनरावृत्तीची सूचना नुसती मजकूर म्हणून टाइप केलेली, तालमीची अक्षरं साध्या मजकुरात लिहिलेली. कागदावर हे सगळं सुरेख दिसायचं. नव्या प्रोग्रॅमला मात्र ती तालमीची अक्षरं आहेत हे कळतच नाही, म्हणून मध्ये एक अक्षर वाढवलं की पुढची आपोआप सरकत नाहीत.

सगळ्यात अवघड बदल बोटांचा आहे. आमच्यासाठी अरेंजमेंट लिहिणारे काका फिनालेत डोळे मिटून लिहायचे. तिथे आणि म्यूझस्कोर या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही एका ठोक्याचा स्वर, म्हणजे क्रॉचेट, पाचच्या आकड्यावर असतो. डोरिको या नव्या प्रोग्रॅममध्ये तो सहाच्या आकड्यावर आहे आणि पाचावर अर्ध्या ठोक्याचा क्वेव्हर. काकांनी एक मार्च लिहिला आणि तो दुप्पट वेगाने धावायला लागला. "हे सॉफ्टवेअर मला घाई करतंय," असं ते म्हणाले. शेवटी ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एका मुलाने त्यांच्या कीबोर्डवर आकड्यांखाली स्वरांची चित्रं चिकटवली. कळा बदलून घेता येतात हेही त्याने सांगितलं. पण काका म्हणाले, नको, शिकायचं तर नीट शिकू.

कळांपेक्षा विचाराची पद्धत बदलणं जास्त वेळ घेतं. फिनालेत आधी चौकोन, म्हणजे बार, आणि त्यात स्वर भरायचे. डोरिको हे स्टाइनबर्गने २०१६ मध्ये आणलं, त्याची मूळ मंडळी आधी सिबेलियसवर काम करणारी. तिथे स्वर आधी, बाररेषा त्यांच्यामागून येतात. ताल नंतर बदलला तरी स्वर नव्या बारमध्ये स्वतःला मांडून घेतात. शिवाय तिथे स्कोअरची सुरुवात ओळींपासून होत नाही, वादकांपासून होते. एकच वादक सॅक्सोफोन ठेवून बासरी उचलतो हे त्या प्रोग्रॅमला समजतं. बँडमधल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, कारण आपणही माणसंच मोजतो, ओळी नाही. काकांना सगळ्यात आधी पटली ती हीच गोष्ट.

मग सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावं का? बँडमध्ये यावर वाद झाला. तरुण मुलांकडे म्यूझस्कोर आहे, तो मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि तो कुठल्याही संगणकावर चालतो. काही जण सिबेलियसवर हुकूमत असलेले. माझं मत स्पष्ट आहे : लिहिणाऱ्याने आपल्या बोटांना जमेल त्यात लिहावं. एकच प्रोग्रॅम सक्तीचा करून आपण तीच चूक पुन्हा करू, फक्त कंपनीचं नाव बदलेल. सक्ती असायलाच हवी ती सुपूर्द करण्याच्या वेळी. लायब्ररीत येणारं प्रत्येक काम तीन रूपांत आलं पाहिजे : स्कोअरची आणि सगळ्या पार्टची पीडीएफ, मध्यस्थ म्हणून म्युझिकएक्सएमएल, आणि ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं त्याची मूळ फाइल. पीडीएफमधून उद्या वाजवता येतं, मध्यस्थातून बदलता येतं, आणि मूळ फाइल तो प्रोग्रॅम जगेल तोपर्यंत उपयोगी पडते.

यावर अरेंजर मंडळींची एक रास्त भीती असते : बदलता येणारी फाइल दिली की दुसरं कुणी त्यात चार स्वर हलवून आपलं नाव लावेल. भीती खोटी नाही. पण त्याचा उपाय फाइल न देणं हा नाही. ती फाइल फक्त या बँडच्या वादनासाठी आहे, इतर कुणाला देता येणार नाही, हे दोन ओळींत लिहून घ्यायचं आणि त्या कामाचा मोबदला वेगळा द्यायचा. विकत आणलेल्या छापील संगीताची गोष्ट अर्थात वेगळी. ते स्वतंत्र कपाटात, स्वतंत्र फोल्डरमध्ये, आणि शेजारच्या बँडने कितीही गोड बोलून मागितलं तरी त्याची प्रत काढून द्यायची नाही.

मला विनंती करायची आहे ती शाळा, स्पर्धा, संस्था यांच्या आयोजकांना. तुम्ही एखाद्याकडून समूहगीत किंवा बँडसाठी रचना लिहून घेता, मानधन देता, कार्यक्रम होतो. नंतर तुमच्याकडे काय उरतं? बहुतेक वेळा चित्रफीत आणि काही झेरॉक्स. काम स्वीकारतानाच वरच्या तिन्ही गोष्टी मागून घ्या. हे मागणं अविश्वासाचं नाही. लिहिणारा उद्या आजारी पडला, त्याचा संगणक बिघडला, किंवा तो ज्या प्रोग्रॅममध्ये लिहितो त्याची कंपनी थांबली, तरी तुमच्या मुलांना ती रचना वाजवता यावी एवढंच त्यामागे आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. दुकान बंद करायचं असेल तर करा, पण फाइली दुसरीकडे नेण्याची वाट बंद होण्याच्या आधी नीट डागडुजी करून ठेवा. फिनालेत एक संपूर्ण फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलण्याची सोय आहे, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. आमचा बराच भार त्या एका सोयीने हलका केला.

हे काम अंगावर घेणाऱ्यांना एक सल्ला, कारण इथे माणसं दमून सोडून देतात. सगळी गाणी नव्या प्रोग्रॅममध्ये सुंदर करून ठेवायचा चंग बांधू नका. आधी जुना प्रोग्रॅम चालतोय तोवर प्रत्येक गाण्याची पीडीएफ काढा, मग सगळ्यांचं मध्यस्थ रूप काढा, दोन्हींच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि थांबा. साफसफाई फक्त त्याच गाण्याची करायची जे पुढच्या कार्यक्रमात वाजणार आहे. आमच्या कपाटातली कितीतरी गाणी कुणी पुन्हा मागणारही नाही, त्यांच्या स्लर जुळवत बसण्यात अर्थ नाही. पण ती कधीतरी कुणी मागितलीच, तर वाचता येतील अशी असावीत.

आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी स्वरलेखन करणाऱ्या वडिलांचा, काकांचा, सरांचा जुना संगणक पडून असेल, तर तो विकण्याआधी किंवा साफ करण्याआधी त्यात एमयूएस किंवा एमयूएसएक्स अशा शेवटाच्या फाइली आहेत का ते एकदा शोधा. असतील तर त्याच संगणकावर फिनाले उघडतंय का बघा, कारण तिथे त्याची नोंदणी आधीच झालेली असते. उघडलं, तर दुसरं काही करण्याआधी सगळ्याची पीडीएफ काढा. उघडलं नाही तरी संगणक टाकून देऊ नका. जवळच्या एखाद्या बँडच्या लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, तो आनंदाने येईल.

आपली,
बँडचे पार्ट सांभाळणारी एक वाचक